खरा घेणारा कोण, ते सांगा!

२०२० च्या एप्रिलात दिल्ली सरकारनं नियम केला: हद्दीला लागून असलेल्या देशांतून इथल्या कंपनीत पैसा लावायचा तर आधी परवानगी. कागदावर नाव कुणाचंबी असो, मागचा खरा मालक त्याच देशांतला निघाला तरी परवानगी पाहिजेच. देशाच्या सुरक्षेसाठी हे बरोबरच आहे.

मग किनवट-माहूरच्या जमिनीला हाच न्याय काहून नाही? १९७४ पासून कलम ३६-अ सांगतं, बिगर-आदिवासीला आमची जमीन पाहिजे तर त्यानं अर्ज करावा, कलेक्टरची परवानगी घ्यावी. आदिवासीनं आदिवासीला विकली तर हे कलम लागत नाही, कलेक्टरची परवानगी मात्र तिथंबी लागते. सावकारानं नेमकी हीच फट धरली. सातबाऱ्यावर नाव आपल्याच गड्याचं. पैसा त्याचा, पीक त्याचं.

१९९६ चा पेसा कायदा म्हणतो, अनुसूचित गावातली जमीन जाऊ न देण्याचा अधिकार ग्रामसभेला नि पंचायतीला. तो वापरा. फेरफाराची नोटीस ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. विचारा: पैसा कुणाचा? नांगर कुणाचा? उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, पोच घ्या.

अन् गड्यांनो, नाव उसनं देऊ नका. आज नाव जातं, उद्या शिवार.