ऐकत नाही म्हणजे काय?

'ऐकत नाही' हा शेरा आम्हा शिक्षकमंडळींच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला असतो. आयुष्यभर मास्तरकी केल्यावर एक गोष्ट कळते, की या दोन शब्दांत आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे ऐकू आलं, समजलं, पण करणार नाही. दुसरी म्हणजे ऐकू आलं, पण आत पोचलंच नाही. किंवा पोचलं, पण त्या घटकेला हातपाय आणि जीभ स्वतःच्या ताब्यात नाहीत. वर्गात हा फरक कळला नाही तर पोराला एखादी छडी जास्त बसते (बसायची, असं म्हणूया. आता छडीला बंदी आहे आणि ते उत्तमच झालं). पोलिसाला तो कळला नाही, तर माणूस जिवानिशी जातो.

न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागात डेबोरा डॅनर नावाच्या एक बाई राहत होत्या. वय ६६. स्किझोफ्रेनिया होता. बाई हुशार. २०१२ साली त्यांनी आपल्या आजाराबरोबर जगण्यावर सहा पानांचा एक निबंध लिहिला होता. अशा आजाराच्या माणसांची गाठ डॉक्टरांऐवजी पोलिसांशी पडते आणि शेवट मरणात होतो, पोलिसांना याचं शिक्षण द्यायला हवं, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं होतं. १८ ऑक्टोबर २०१६ च्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस त्यांच्या घरी आले. बाईंच्या हातात कात्री होती. बोलण्याबोलण्यात ती त्यांनी खाली ठेवली. इथे थांबलं असतं तर? पण सार्जंटला वाटलं, पुन्हा कात्री उचलायच्या आत धरावं. बाई आतल्या खोलीत पळाल्या, बेसबॉलची बॅट उचलली, आणि दोन गोळ्या. बहीण बाहेर पॅसेजमध्ये उभी होती. तिने आवाज ऐकला.

रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या कर्मचारी बाईने पुढे कोर्टात सांगितलं की ती डॅनरबाईंशी बोलतच होती, तेवढ्यात पोलीस पुढे घुसले. शहराचे महापौर आणि पोलीस आयुक्त दोघांनीही तेव्हा, हे व्हायला नको होतं, अशी जाहीर कबुली दिली. २०१८ च्या फेब्रुवारीत सार्जंट निर्दोष सुटला. त्याच वर्षाअखेर शहराने कुटुंबाला वीस लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

मी मात्र अडकलो तो एका जुन्या नावापाशी. एलिनॉर बम्पर्स. त्याच ब्रॉन्क्समध्ये, २९ ऑक्टोबर १९८४ ला, वय तेच ६६, मनाने आजारी. काही महिन्यांचं घरभाडं थकलं म्हणून घर रिकामं करायला माणसं आली. बाई दार उघडेनात, म्हणून पोलिसांचं विशेष पथक आलं. दार फोडलं. आत बाई हातात सुरी घेऊन उभ्या. शॉटगनचे दोन बार झाले. पहिला हाताला लागला, दुसरा छातीत. भाडं महिन्याला शंभर डॉलरच्या आत होतं! गोळी झाडणारा अधिकारी १९८७ मध्ये सुटला. या घटनेनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी नियम बदलले. माणूस एका जागी आहे, इतरांना धोका नाही, तर अंतर राखा, विशेष पथकाची वाट पाहा, घाई करू नका. डॅनरबाईंनी आपल्या निबंधात या जुन्या घटनेची आठवण दिली आहे, असं होऊ नये म्हणून. चार वर्षांनी त्यांच्याच बाबतीत ते झालं, नियम कागदावर असताना. त्या सार्जंटवरच्या खटल्यात सरकारी पक्षाचा मुद्दा हाच होता, की तो थांबला नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही आरामखुर्चीत बसून लिहिताय. समोर बॅट उगारलेली असताना क्षणात ठरवावं लागतं. मान्य. बॅटने डोकं फुटू शकतं आणि पोलीसही घरी बायकापोरं ठेवून आलेला असतो. पण तो क्षण आणला कोणी? बम्पर्सबाई बंद दाराआड होत्या. डॅनरबाई आपल्या घरात होत्या. दार फोडलं नसतं, अंगावर धावून गेलं नसतं, तर तो क्षण उगवलाच नसता. बाहेर चहा पीत दोन तास बसले असते तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. शेवटच्या तीन सेकंदांवर खटले चालतात. आधीच्या अर्ध्या तासावर कोणी बोलत नाही, माझं दुखणं ते आहे.

आणि हुकूम ऐकणाराही वाचतो असं नाही. जुलै २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या नॉर्थ मायामीत ऑटिझम असलेला एक तरुण निवासगृहातून बाहेर पडून रस्त्यात बसला. हातात चंदेरी रंगाचा खेळण्यातला ट्रक. कोणीतरी फोन केला, माणसाच्या हातात बंदूक आहे. त्याला सांभाळणारा कर्मचारी मागोमाग आला. पोलिसांनी बंदुका रोखल्यावर हा भला माणूस रस्त्यावर उताणा पडला, दोन्ही हात वर केले, आणि ओरडून सांगत राहिला की ते खेळणं आहे. एका पोलिसाने तीन गोळ्या झाडल्या. एक लागली ती या सांभाळणाऱ्याच्याच पायाला! पोलिसाचं म्हणणं, माझा नेम त्या दुसऱ्यावर होता. म्हणजे खेळण्याशी खेळणाऱ्यावर. जखमी माणसाला वर बेड्याही घातल्या. २०१९ मध्ये त्या पोलिसाला किरकोळ गुन्ह्यात दोषी धरलं, २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तेही रद्द केलं.

हे सगळं मी का वाचत बसलो, ते सांगतो. आमच्या नात्यातला एक मुलगा अमेरिकेत वाढतोय. ऑटिझम आहे. लहान असताना घाबरला की आई कुशीत घेऊन बसायची. आता चौदाचा झालाय, आईपेक्षा वीतभर उंच, मिसरूड फुटलेलं. परवा ती फोनवर म्हणाली, "मामा, हा कधी घराबाहेर पळाला आणि आवरेना, तर ९११ ला फोन करायचा की नाही, हेच मला ठरवता येत नाही." सप्टेंबर २०२० मध्ये सॉल्ट लेक सिटीत एका आईने अशीच मदत मागायला फोन केला होता. मुलगा तेरा वर्षांचा, ऑटिझम असलेला. आलेल्या पोलिसाने त्याच्यावर अनेक गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला, पण भाचीच्या डोक्यातून ते जात नाही. मदतीला बोलावलेल्याचीच भीती वाटावी, याहून वाईट काय?

उपाय माहीत नाहीत असंही नाही. मेम्फिस शहरात १९८७ मध्ये, हातात सुरी असलेल्या एका आजारी तरुणाला पोलिसांनी मारलं. फोन त्याच्या आईनेच केला होता. १९८८ मध्ये तिथे पोलीस, विद्यापीठ आणि रुग्णांच्या कुटुंबांची संघटना यांनी मिळून चाळीस तासांचं प्रशिक्षण आखलं. निवडक पोलिसांना ते द्यायचं आणि असे फोन त्यांच्याकडेच वळवायचे. पुढे अमेरिकेत ते ठिकठिकाणी गेलं. ऑरेगनमधल्या युजीन गावाने १९८९ पासून पोलिसांऐवजी व्हॅनमधून एक वैद्यकीय मदतनीस आणि एक समुपदेशक पाठवायची पद्धत सुरू केली. छत्तीस वर्षं ती गाडी फिरली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथली सेवा बंद पडली. का? पैसे नाहीत! बंदुकांना कधी पैसे कमी पडल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

भाचीला मी एवढंच म्हटलं, की जवळच्या पोलीस ठाण्यात मुलाची माहिती आधीच देऊन ठेव, आणि फोन करायची वेळ आली तर पहिलं वाक्य 'हातात हत्यार नाही, ऑटिझम आहे, सायरन नको' हेच म्हण. मानसिक संकटासाठी जुलै २०२२ पासून त्यांच्याकडे ९८८ हा वेगळा नंबरही आहे.

आपल्याकडे काय? आपल्या पोलिसाच्या हाती बहुधा काठी असते, त्यामुळे मरण कमी आणि मार जास्त. बाजारात बडबडत फिरणाऱ्या माणसाला हुसकायचं, फारच झालं तर गाडीत घालून तालुक्याच्या बाहेर सोडून यायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे आणि 'बरं झालं, ब्याद गेली' असं म्हणणारे आपणच असतो. खरं तर आपला कायदा चांगला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० वाचा. भटकत असलेला, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा माणूस हद्दीत आढळला तर ठाण्याच्या प्रमुखाने त्याला संरक्षणात घ्यायचं. संरक्षणात, अटकेत नव्हे! का घेतलं ते त्याला सांगायचं. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं. कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. ऑटिझमलाही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान मिळालेलं आहे. आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. तो किती घरांत लिहून ठेवलेला आहे?

हे कलम मी सोप्या मराठीत, मोठ्या टायपात छापून घेतलं आणि आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात नेऊन दिलं. ठाणे अंमलदार तरुण होते. त्यांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं, मग खुर्ची दिली. म्हणाले, "सर, कोठडीत ठेवायचं नाही हे आम्हाला माहीत आहे. पण रात्री दोनला असा माणूस आणला तर त्याला न्यायला गाडी कुठली, आणि दवाखान्यात दाखल करून घ्यायला डॉक्टर कुठला? सकाळपर्यंत त्याला बाकावर बसवून मी एकटा शिपाई किती वेळ धरून ठेवणार?"

त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. तोच प्रश्न तसाच्या तसा लिहून, रात्री दाखल करून घ्यायला कोण असतं एवढंच विचारणारं पत्र मी सरकारी रुग्णालयाला पाठवलं आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. आलं की इथे लिहीन. तुमच्या गावच्या ठाण्यात काय उत्तर मिळतं, तेही मला कळवा.