फॉर्मवर विचारलेलं बालपण



सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्यातल्या कितीतरी जणांना वर्षानुवर्षं उदास वाटतं, रात्र रात्र झोप लागत नाही, गोळ्या चालू असतात. आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की ‘मजेत!’ म्हणतात. हे संपादकीय त्यांच्यासाठी आहे, आणि या त्रासाचं मूळ कधी कधी बालपणात असतं हे सांगण्यासाठी.

आपल्याच सॅन डिएगोत १९८०च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत वजन कमी करण्याचा उपक्रम चालवत होते. गंमत अशी, की ज्यांचं वजन भराभर उतरत होतं, तेच पेशंट मध्येच सोडून जात. कारण शोधायला डॉक्टर एकेकाला गाठून विचारू लागले. एका बाईंना पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळचं वय विचारायचं, तर चुकून वजन विचारलं गेलं. उत्तर आलं, ४० पौंड. म्हणजे जेमतेम १८ किलो. त्या तेव्हा चार वर्षांच्या होत्या आणि माणूस होता जन्मदाता बाप.

पुढे फेलिटी आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे (सीडीसी) डॉ. रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक लोकांना बालपणाबद्दल विचारलं: मारझोड, लैंगिक अत्याचार, सततचा पाणउतारा, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण. १९९८ साली पहिले निष्कर्ष छापून आले. यातले चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात नैराश्य, दारू, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण असं काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट होतं. आणि ही माणसं बहुतांशी शिकलेली, विमा असलेली, मध्यमवर्गीय होती. आपल्यासारखीच.

‘आपल्याकडे नसतं हो असलं काही’ असं म्हणायलाही जागा नाही. भारत सरकारनं २००७ साली १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसला होता, आणि बहुतेकांनी तो कुणालाच सांगितला नव्हता.

ज्या घरात निजायचं त्याच घराची भीती वाटत असेल, तर मुलाचं शरीर सदा सावध राहायला शिकतं. घर सुटतं, देश सुटतो, ती सवय सुटत नाही. शिवाय चूक आपलीच होती, हे त्या वयात मनात घट्ट बसतं. अशा माणसांचं नैराश्य पुन्हा पुन्हा उलटतं, उपचारांना लवकर दाद देत नाही. सगळ्यांचंच असं होतं असं मुळीच नाही. पण ज्यांचं होतं, त्यांच्या डॉक्टरला मूळ कळायलाच हवं.

कॅलिफोर्नियात बालपणाबद्दलचे हे प्रश्न विचारण्याबद्दल मेडी-कॅल या राज्याच्या सरकारी आरोग्यविमा योजनेनं २०२० साली डॉक्टरांना २९ डॉलर द्यायला सुरुवात केली. या प्रश्नांचा फॉर्म आपल्यापैकी काहींच्या हातात आला असेल. ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ म्हणून सगळीकडे ‘नाही’ची खूण करू नका. खरं ते लिहा. आणि घरात कुणी चाळिशीत, साठीत पहिल्यांदा तोंड उघडलं, तर ‘आता कशाला उकरून काढतेस’ म्हणू नका. पुरावा मागू नका. ऐका, आणि डॉक्टरकडे सोबत जा.

जीव नकोसा वाटला तर अमेरिकेत ९८८ वर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो. भारतातल्या आप्तांसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

– संपादक