मोतीबिंदूचा टाका आणि कलमाची पट्टी

आज पिकाचं नाही, डोळ्याचं लिहितोय, कारण हा विषय पण शेवटी शेतावरच येऊन थांबतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षभर कधीही करता येतं, तरी आपल्याकडे ते थंडीतच करायची पद्धत. आणि थंडी सरता सरता तुरीची, हरभऱ्याची मळणी येते. दिसायला लागलं की म्हातारा माणूस घरात बसत नाही, थेट खळ्यावर. टाका घातलाय, तो दाखवायला जायचंय, हे कोणाच्या ध्यानातच राहत नाही.

आजकाल बरीच ऑपरेशनं बिनटाक्याची होतात. फेकोमध्ये काप २ ते ३ मिलिमीटरचा असतो, तो आपोआप मिटतो. पण मोतीबिंदू फार पिकलेला असला, काप मोठा करावा लागला किंवा जखम पाझरेल असं वाटलं, तर डॉक्टर टाका घालतात. हा बहुतेक वेळा नायलॉनचा धागा असतो, केसापेक्षा बारीक. तो पोटातल्या टाक्यासारखा विरघळून जात नाही.

आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हे लगेच कळेल. पट्टी लवकर सोडली तर जोड सुटतो. वेळेवर नाही सोडली तर काच पडतो. टाक्याचं तसंच. घाईने काढला तर जखम उघडू शकते. घट्ट टाका राहिला तर बुबुळावरचा काचेसारखा पडदा ओढला जातो, नंबर तिरका येतो, भिंग चांगलं असून अंधुक दिसतं. आणि सैल झाला किंवा वर्ष-दोन वर्षांनी तुटला, तर टोक टोचतं, घाण धरतं, तिथून जंतू आत शिरतात.

छोट्या कापाचा टाका काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत काढतात. मोठ्या कापाचे साधारण ६ ते ८ आठवड्यांनंतर, गरजेप्रमाणे एकेक. त्रास नसेल तर एखादा तसाच ठेवतात, पण ते डॉक्टरने बघून ठरवायचं, आपण नाही. काढणं सोपं असतं: बधिर करायचे थेंब टाकून, मशीनसमोर बसवून, दोन-चार मिनिटांत. चष्म्याचा पक्का नंबर टाके काढून डोळा स्थिर झाल्यावरच घ्या, नाहीतर चष्म्याचे पैसे दोनदा जातात.

तोवर मळणी, फवारणी, वैरण कापणं, उसाच्या पाचटात शिरणं बंद. डोळा चोळायचा नाही. पाल्याचा किंवा भुश्याचा कण लागला तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो फार चिवट असतो. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, चिपडं वाढली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशी आणखी फोफावते. मध, एरंडेल, पाल्याचा रस तर अजिबात नको.

आता माझं स्पष्ट मत. शिबिराची गाडी ऑपरेशनला माणसं घेऊन जाते, परत आणून सोडते, फोटो निघतो. टाका दाखवायला मात्र ज्याने त्याने आपल्या एसटीने जायचं, रोज बुडवून. मग कोण जाणार? शिबिर घेणाऱ्यांनी तपासणीच्या गाडीची तारीख त्याच दिवशी जाहीर करावी. टाका घातलेल्यांची यादी गावातल्या आशाताईंकडे द्यावी. गाडीला जास्तीच्या दोन फेऱ्या पडतील, पण त्या वाचवून डोळा गेला तर त्या पहिल्या फेरीचा उपयोग काय?

आणि पोरांनो, घरी सोडताना एवढंच विचारा: "टाका घातलाय का? किती? कधी दाखवायचा?" उत्तर कार्डावर लिहून घ्या. पेरणीची तारीख आपण विसरत नाही, मग ही पण विसरायची नाही.