वणीच्या रणात साहस कोणी केले?

वणी-दिंडोरीच्या लढाईवरील लिखाणात एक शब्द हमखास भेटतो: साहस. सुरतेहून परतणाऱ्या शिवछत्रपतींचे 'थरारक साहस'. वाचताना हा गौरव वाटतो. वस्तुतः तो त्या लढाईवर अन्याय आहे.

शब्दाचे कूळ पाहावे. सहस् म्हणजे बळ, त्यापासून साहस. प्राचीन धर्मशास्त्रात साहस हा गुन्हा होता. धन्याच्या पाठीमागे नेले ती चोरी आणि त्याच्या देखत बळाने हिरावले ते साहस, असा भेद कौटिल्य करतो. मनुस्मृती तर साहस करणाऱ्याला चोराहूनही पापी ठरवते. दंडाच्या पायऱ्यांनाही प्रथम, मध्यम, उत्तम साहस अशीच नावे होती. 'उत्तम' पाहून कोणी हुरळू नये. मनूच्या हिशेबाने तो 1000 पणांचा दंड आहे.

पुढे या शब्दाला शौर्याचा अर्थ चिकटला, हे खरे. परंतु अविचाराचा वास गेला नाही. 'नसते साहस करू नकोस' हे आजही घरोघरी ऐकू येते. ज्या 'अ‍ॅडव्हेंचर'चा प्रतिशब्द म्हणून साहस मिरवतो, त्याचे मूळही फारसे सोयीचे नाही. लॅटिनमधील तो शब्द 'जे पुढ्यात येणार आहे ते' सांगतो, म्हणजे योगायोग, दैव. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा गुंतवणाऱ्यांनाही अ‍ॅडव्हेंचरर म्हणत; गलबत बुडाले की पैसा बुडाला.

आता ऑक्टोबर 1670. सुरतेचा खजिना बागलाणमार्गे येत होता. दाऊदखान कुरेशी चांदवडला पोहोचला, तेव्हा हेरांनी बातमी आणली की निम्मे मराठा सैन्य घाट ओलांडून नाशिकच्या वाटेला लागले आहे आणि उरलेले पाठलाग रोखण्यासाठी मागे थांबले आहे. म्हणजे खजिना कोणी न्यायचा आणि झुंज कोणी द्यायची, याची वाटणी आधीच झाली होती. यात दैवावर काय सोडले होते?

17 ऑक्टोबरच्या सकाळी मोगलांच्या आघाडीवर इख्लासखान होता. समोर मराठे सज्ज उभे दिसले. त्याच्या शिपायांची चिलखते अजून उंटांवर होती. ती उतरवून अंगावर चढवण्याइतकाही धीर त्याला धरवला नाही. मोजक्या लोकांनिशी तो तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. हे सांगतो तो मोगलांकडचाच, त्या फौजेसोबत असलेला भीमसेन सक्सेना. वणीला 'साहस' लिहायचेच असेल, तर ते या खानाच्या नावापुढे लिहावे.

शब्दाचा अर्थ बदलतो, मग एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. कारण 'साहस' म्हटले की हेर, वाटा, ओझ्याची जनावरे, पिछाडीची फौज, सारे नजरेआड होते. उरतो केवळ थरार. आणि मराठीला शब्दाची वाण मुळीच नाही. 'मोहीम' आहेच. अरबी 'मुहिम्म'पासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ महत्त्वाचे, निकडीचे कार्य.

दाऊदखान रणावर अडकून पडला. खजिना पुढे निघून गेला.