‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे नव्हे

ठरलेली मुलाखत किंवा डॉक्टरांची वेळ बदलायची तर इंग्रजीत काय लिहावे, असे दहावी-बारावीची मुले आम्हा शिक्षकांना विचारतात. ‘पोस्टपोन’ सर्वांना येते. फसगत होते ती ‘ब्रिंग फॉरवर्ड’पाशी. मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे लांबली. आपल्या इंदुरी हिंदीतले ‘आगे बढाना’ही तेच सांगते. इंग्रजीत मात्र ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणे. 15 तारखेची मुलाखत 12 ला आणल्याचे पत्र यावे आणि मुलाने 18 ला जावे, म्हणजे नोकरी गेलीच! ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही चकवते. बुधवारची सभा दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केली म्हटले की कुणी सोमवार धरतो, कुणी शुक्रवार.

म्हणूनच ‘प्रीपोन’ला नाके मुरडणारे आम्हांला पटत नाहीत. भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे, आणि त्याचा अर्थ एकच होतो. परदेशी पत्रात टाळावा, इथे खुशाल लिहावा. ‘रीशेड्यूल’ने वेळ बदलली एवढेच कळते. क्रियापद कोणतेही असो, जुनी व नवी तारीख दोन्ही लिहाव्यात. पालकसभेच्या इंग्रजी सूचनांतही तसे व्हावे, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे.