विकणे आहे. कुणाला?

'पेठेत, शांत वस्तीत, वन बीएचके फ्लॅट विकणे आहे. दुसरा मजला, पूर्वेला गॅलरी, स्वतंत्र देवघर. सुसंस्कृत कुटुंबास प्राधान्य.'

जाहिरातीत एवढंच होतं. जात कुठंच नव्हती. जात आता छापावी लागत नाही, दोस्तांनो. 'सुसंस्कृत' छापलं की भागतं. आपली माणसं आपोआप बाहेर उभी राहतात आणि छापणाऱ्याच्या बोटाला शाईसुद्धा लागत नाही.

मी गेलो. बायकोला घेऊन गेलो. पुण्यात, सदाशिव पेठेत. याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून फिरावं लागायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये लिहून ठेवलंय. आम्ही झाडू-मडकं टाकून गेलो. खिशात बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र होतं. किंमत ६८ लाख. मला वाटलं, एवढ्या रकमेच्या वजनाखाली आडनाव दबून जाईल.

माझ्या आजोबांना या पेठांचा बोळ न् बोळ पाठ होता. रस्ते झाडायला होते. वाड्यांचे पुढचे दरवाजे त्यांना बाहेरून माहीत, मागचे बोळ आतून माहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, वाडे बसले. तेव्हा चिखल उपसायला आजोबा पहिल्यांदा एका वाड्याच्या माजघरापर्यंत गेले. पूर आला म्हणून गेले. चिखल संपला, पुन्हा बाहेर. त्या वाड्यांच्या जागी आता अपार्टमेंट आहेत. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, खाली मोटारी आहेत. वाडा पाडला, पण वाड्याचा उंबरठा मात्र उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलेला आहे.

माझं आडनाव गावावरनं आलेलं, मागं 'कर' लागलेलं. त्यामुळं पहिली पाच मिनिटं मी माणूस होतो. चहा आला. मालक सत्तरीचे, बोलायला गोड. मग सुरू झालं. गाव कुठलं? मूळचे तिथलेच का? तिथं आमचे मेहुणे असतात, ओळखता का? कुलदैवत कुठलं तुमचं? मी घोटाभर चहा प्यायलो. खोटं सांगू नये म्हणून गप्प बसलो आणि खरं सांगू नये म्हणूनही गप्प बसलो. हे मी कबूल करतो, कारण हे लिहिण्यामागचं खरं कारण तेच आहे.

बोलली ती बायको. म्हणाली, "काका, आम्ही बौद्ध आहोत. देवघराच्या जागी पुस्तकांचं कपाट ठेवू."

"छान, छान," काका म्हणाले. "आमच्याकडे तसलं काही नाही हो."

कुणी विचारलं होतं?

तिसऱ्या दिवशी एजंटाचा फोन आला. "साहेब, ते घरातल्या घरातच देतायत. भाच्याला." पुढच्या रविवारी तीच जाहिरात. दुसरा मजला, पूर्वेला गॅलरी, स्वतंत्र देवघर. भाचा बहुतेक सुसंस्कृत निघाला नसावा. कचेरीतल्या एका ब्राह्मण मित्राला फोन लावायला सांगितला. त्याला उत्तर मिळालं, "आहे की! या कधीही." मित्र आठवडाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हता. त्याची मान खाली गेली, पण फ्लॅट माझा झाला नाही.

आता वाद घालू. पहिला मुद्दा हमखास येतो : मालमत्ता त्यांची, कुणाला विकायची ही त्यांची मर्जी. अस्सं? मग १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा, १९७६ पासून ज्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो उघडा. कलम ४ वाचा. कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधणं, मिळवणं, त्यात राहणं यात अस्पृश्यतेच्या कारणावरनं आडकाठी आणणं हा गुन्हा आहे. कलम १२ वाचा. माणूस अनुसूचित जातीचा असेल, तर अस्पृश्यतेमुळंच केलं असं कोर्टानं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायचं ते समोरच्यानं. आपण बौद्ध झालो म्हणून घाबरायचं कारण नाही, १९९० पासून बौद्धही त्या यादीत आहेत. शिक्षा एक ते सहा महिने. दंड मात्र १०० ते ५०० रुपये. ६८ लाखांच्या फ्लॅटमागं ५०० रुपये! एजंट चहापाण्याला याहून जास्त उडवतो. कायदा आहे, पण त्याची धार गंजू दिलीय. गंजू कुणी दिली? त्यांनी तर दिलीच, पण आपणही न वापरून दिली.

आणि वारं उलटंही वाहतंय. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की सोसायटी आपल्या उपविधीनं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. संघ करण्याचं स्वातंत्र्य म्हणे! ज्यांना हजारो वर्षं संघ करू दिला नाही, त्यांना बाहेर ठेवण्याचं हे स्वातंत्र्य आहे. उद्या कुठलाही वाडा सोसायटी होईल आणि मनुस्मृती उपविधी होईल.

दुसरा मुद्दा आपल्यातलेच काढतात. "कशाला जायचं त्यांच्यात? आपली सोसायटी आपण काढू." काढा ना! पण ती आपल्या मर्जीनं काढा, हाकलल्यामुळं नको. हाकलून एका जागी गोळा केलेल्या माणसांच्या वस्तीला गावात महारवाडा म्हणत. बाबासाहेबांनी राजगृह कुठं बांधलं? दादरच्या हिंदू कॉलनीत. गाव सोडा, शहरात या, असं त्यांनी सांगितलं ते शहरात पुन्हा गावकुसाबाहेर बसण्यासाठी नव्हे.

तिसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. एक कार्यकर्ता मला तोंडावर म्हणाला, "तू मध्यमवर्गीय झालास. जनता वसाहतीत पत्र्याखाली माणसं राहतात आणि तू गॅलरीचं रडगाणं गातोस." त्याचं अर्धं खरं आहे. गॅलरीसाठी मी रडत नाही. पण ज्याच्याकडं पैसे आहेत, नोकरी आहे, कर्जाचं पत्र आहे, त्यालाही दार बंद, तर पत्र्याखालच्या माणसाला कसलं सांगता की शीक, कमव, सगळं ठीक होईल? मला नाकारलं तेव्हा त्यालाही पुढल्या पन्नास वर्षांचं उत्तर देऊन टाकलं.

चौथा मार्ग लपण्याचा. आडनाव बदला, भिंतीवरचा फोटो आतल्या खोलीत न्या, जयंतीला गावी गेलो म्हणून सांगा. असे किती जण पेठांत, कॉलन्यांत राहतायत, आपल्याला माहीत आहे. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही चहाच्या कपाआड लपलोच होतो. पण १९१७ चं बडोदं आठवा. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला संस्थानची नोकरी होती आणि डोकं टेकायला खोली नव्हती. पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात आली. नाव लपवून मिळालेलं घर अकरा दिवसांचं असतं, हे त्यांच्याकडनं शिका. बाग गाठून झाडाखाली रडले आणि मग आयुष्यभर दारं फोडली.

म्हणून आता कविता कमी, काम जास्त. जोडीनं जा. एक आपल्या नावानं, एक त्यांच्या नावानं. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. नकार लेखी मागा. मी मागितला नाही, ही माझी चूक, ती तुम्ही करू नका. घर मिळालं आणि सोसायटी सभासद करत नसेल, तर महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा सांगतो, पुरेसं कारण असल्याशिवाय नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तुम्ही सभासद झालात असंच धरतात. नाकारलं तर निबंधकाकडं अपील करा. पोलिसात जा, कलम ४ चा आकडा तोंडपाठ ठेवून जा, कारण ठाणेदाराला तो पाठ नसेल.

फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही याच पुण्याच्या गंज पेठेत. पेठ कुणाच्या बापाची नाही, हे तेव्हाच सांगून झालंय.

परवा बायकोनं दुसरी जाहिरात कापून आणली. नारायण पेठ, वन बीएचके. म्हणाली, "या वेळी दारातच सांगायचं, बौद्ध आहोत म्हणून. चहा नंतर."

रविवारी जातोय. येणार का कोणी बरोबर?

जय भीम.