उपरोध कोणी कोणावर करावा?

नांदेडाहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरी-हिंगोलीवरून वाशीम-अकोल्यास जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपुराकडे. त्यामुळे तेथील चहा-खिचडीच्या दुकानांपुढे अनेक जिल्ह्यांचे बोलणे एकाच वेळी कानी पडते, आणि त्यात सरळ वाक्यापेक्षा वाकडे वाक्य अधिक, हे कोणाही उतारूच्या ध्यानी येईल. तासभर उशिरा आलेल्या एस.टी.चे स्वागत "आज फारच लवकर आली हो!" या शब्दांनी होते. पाणचट चहा पिणारा मालकास "इतके दूध घालू नका, धंदा बुडेल" असा सल्ला देतो. असल्या उपरोधाविरुद्ध आमची काहीच तक्रार नाही. उन्हात तिष्ठलेल्या माणसास एवढेही सुख नसावे असे म्हणणारा नीतिशास्त्रज्ञ आम्हांस न भेटो!

परंतु त्याच बाकावर दुसराही उपरोध चालतो. उधारी थकलेला शेतकरी दुकानाची पायरी चढताच "या सावकार, आज दुकानच विकत घेता काय?" म्हणून त्याचा सत्कार होतो. घरी सुनेच्या माहेरच्या हत्तीघोड्यांची चौकशी चालते. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण काही उगीच झाली नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या दलित विद्यार्थ्यास 'सरकारचे जावई' ही पदवी तर महाविद्यालयाच्या पदवीपूर्वीच मिळते. ऐकणारे हसतात. ज्यास बोलले तोही कसनुसा हसतो, कारण न हसल्यास "साधी थट्टाही सोसत नाही" हा दुसरा आरोप त्याच्या माथी बसतो.

शिवी दिली असती तर साक्षीदार तरी मिळाले असते. येथे शब्द सारेच मानाचे: सावकार, सूनबाई, जावई! अपराध आहे तो स्वरात, आणि स्वराचा पंचनामा कोणते ठाणे करणार? विवाहितेचा मानसिक छळ हाही छळच, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता सांगते. दलितांच्या जाहीर अपमानास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण गोड शब्दांत गुंडाळलेला टोमणा या दोहोंच्या हातून सहज निसटतो.

आता मराठीतील उपरोधाचा खरा मान कोठे आहे ते पाहावे. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली 'काळ' पत्र काढले. परक्या सरकारविरुद्ध उघड लिहिणे म्हणजे तुरुंगास आमंत्रण, म्हणून त्यांनी स्तुतीच्या मिषाने राज्यकर्त्यांचे वाभाडे काढले. शब्दांचे दोन अर्थ होणे ही त्यांची ढाल होती. आणि तीही पुरली नाही, १९०८ साली राजद्रोहाबद्दल त्यांस कारावास भोगावा लागलाच. उलट 'सुधारक'कार आगरकरांची, ते जिवंत असतानाच, पुण्यातील सनातन्यांनी प्रेतयात्रा काढली. तोही उपरोधच! पण तेथे एकाच्या विरुद्ध जमाव होता, आणि त्या जमावास कोणाचेही भय नव्हते. दुबळ्याने सबळापासून बचाव करण्यास घेतलेली द्व्यर्थी भाषा आज सबळ दुबळ्यावर चालवतो, आणि वर "गंमत केली हो" म्हणून नामानिराळा होतो, हे आम्हांस घृणास्पद वाटते.

कोणी म्हणेल, मग पेठेत थट्टाच बंद करावी काय? मुळीच नाही. दोन आडते एकमेकांस दिवसभर टोचोत. उद्या दुसऱ्याची पाळी असते. त्या शेतकऱ्याची पाळी कधी येते, एवढेच विचारावे. मोबाईलवरील संदेशात तर बोलणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. एकाने हसत लिहिलेली ओळ दुसरा मध्यरात्री एकटा पुनःपुन्हा वाचतो, आणि ती साऱ्या गावाच्या गटात असेल तर त्याच्या सोयऱ्यांनीही ती वाचलेली असते.

सोयाबीन बाजारात आले की वसुली सुरू होईल. व्यापारी बंधूंस आमची विनंती एवढीच: "तुमचे तीन हजार राहिले आहेत, केव्हा देता?" असे सरळ विचारावे. त्यावर समोरच्यास तारीख सांगता येते, नड सांगता येते, मुदत मागता येते. "या सावकार" म्हटल्यावर त्यास काय सांगता येते?